पाचव्या चाकाची बडदास्त

गाडी चालते चार चाकांवर, पण मालकाचा जीव अडकलेला असतो पाचव्यात. चार चाकं खड्डे खातात, चिखल तुडवतात, शेणातून जातात. त्यांची विचारपूस कोणी करत नाही. पाचवं मात्र मागच्या दारावर निवांत बसून असतं आणि त्याला पांघरूणही असतं.

हे ज्ञान मला आमच्या साडूंनी दिलं. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली, तिची कॅराव्हॅन करून घेतली आणि २०२४च्या दसऱ्याच्या तोंडावर ते पुण्याहून थेट आमच्या वेलाचेरीच्या सोसायटीत दाखल झाले. गाडी आत शिरताच गर्दी जमली. चेन्नईत कॅराव्हॅन म्हणजे नटनट्यांची गाडी. कोडंबाक्कम, वडपळनीकडे शूटिंग असलं की तिथे ती उभी दिसणारच. त्यामुळे दारातून कोण उतरतंय याकडे लहानथोरांचे डोळे लागले. उतरले आमचे साडू. बर्म्युडा, बनियन आणि हातात किल्ल्यांचा जुडगा. ते तडक मागे गेले, स्टेपनीचं कुलूप ओढून पाहिलं आणि मग आमच्याकडे वळून म्हणाले, "नमस्कार."

चहा व्हायच्या आत विषय निघालाच. "स्टेपनी ठेवायची कुठे, हा प्रश्न लोक गंभीरपणे घेत नाहीत. खाली चासीला टांगली तर चिखल आणि गंज. टपावर ठेवली तर उतरवायला दोन माणसं. आत ठेवावी, तर रात्रभर रबराच्या वासात झोपायचं."

"आम्ही झोपलोय," आत बसलेली मेव्हणी म्हणाली. "पहिला महिनाभर."

शेवटी स्टेपनी मागच्या दारावर गेली. तिथे ऊन आणि चोर लागतात, म्हणून जाड कव्हर. कव्हरात पाणी साचतं, म्हणून त्याला खाली भोक. कव्हरच चोरीला जाऊ शकतं, म्हणून साखळी. साखळीला कुलूप, नटला वेगळं कुलूप आणि कव्हरावर अस्सल पुणेरी पाटी: "हे चाक जादा आहे, फुकट नाही. हात लावू नये." कर्नाटक ओलांडून तमिळनाडूत शिरल्यावर ही धमकी कोण वाचणार, असं मी विचारलं. साडू म्हणाले, "चोराला न कळलेली पाटी जास्त घाबरवते."

आमच्या खालच्या मजल्यावर एक मामा राहतात. टायरच्या कारखान्यात जन्म घालवलेले. त्यांना ही बातमी लागायला वेळ लागला नाही. पांढरीशुभ्र वेष्टी सावरत ते गाडीमागे उभे राहिले आणि त्यांनी कव्हरावर टिचकी मारली. साडूंच्या चेहऱ्यावर पाटीतला मजकूर जसाच्या तसा उमटला.

मामांचं हिंदी चेन्नईचं, साडूंचं पुण्याचं. त्यामुळे वाद इंग्रजीत झाला. मामांचं म्हणणं, या शहराला चाक सांभाळायला शिकवू नका. एमआरएफ १९४६ साली इथेच, तिरुवोट्टियूरच्या एका शेडमध्ये सुरू झाली, आणि ती टायर नव्हे, खेळण्यातले फुगे बनवायची. हवा कोंडून ठेवण्याचा या गावाचा अनुभव तिथपासूनचा आहे. साडूंचं म्हणणं, फुगा फुटला तर माणूस घाटात अडकत नाही.

मग मामांनी विद्या बाहेर काढली. टायरच्या रबरात मेण आणि काही रसायनं मिसळलेली असतात. हवेतला ओझोन रबराला भेगा पाडतो, त्याला ती अडवतात. पण ती पृष्ठभागावर येत राहायची, तर टायर फिरला पाहिजे, दबला पाहिजे. नुसता टांगून ठेवलेला टायर बसल्या जागी सुकतो. त्यात चेन्नईचं ऊन आणि खारा वारा. टायर वाचलाच तर रिम गंजते. वर पॉलिश चोपडलं तर काही पॉलिशं उलट रबरालाच खातात. हवाही महिन्याला एखादा पीएसआय आपोआप उतरते. "आणि सरकारने तर २०२०मध्येच सांगितलंय," मामा म्हणाले. "साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल, तर स्टेपनी नसली तरी चालते."

"सरकारला कुठे घाट चढायचाय?" साडू म्हणाले, आणि पॉलिशची बाटली हळूच पायाने गाडीखाली सरकवली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी इकडे आयुधपूजा. सोसायटीतल्या झाडून सगळ्या गाड्या धुऊन, चंदन-कुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून रांगेत उभ्या होत्या. प्रत्येक चाकाखाली एक लिंबू. पूजा झाली की गाडी पुढे घेऊन ते चिरडायचं. वॉचमनने कॅराव्हॅनखाली चार लिंबं ठेवली. साडूंनी पाचवं मागितलं.

आता पाचव्या चाकाखाली लिंबू ठेवायचं कुठे? तिथे हवाच. वॉचमनने एकदा चाकाकडे, एकदा लिंबाकडे आणि एकदा आभाळाकडे पाहिलं. मग दोन किल्ल्या लागल्या, साखळी सुटली, नट सुटले आणि साडूंनी स्वतः चाक खाली उतरवून लिंबावरून हाताने फिरवलं. लिंबू चिरडलं, टाळ्या पडल्या. त्या चाकाने साडूंच्या ताब्यात आल्यापासून केलेला हा पहिला प्रवास; अंतर साधारण दीड फूट. लगेच ते फडक्याने पुसून पुन्हा कुलपात गेलं.

दसरा झाला आणि पावसाचा इशारा आला. वेलाचेरीच्या माणसाला असा इशारा पुरतो. डिसेंबर २०२३च्या मिचाँग वादळात इथल्या किती गाड्या पाण्यात गेल्या, हे कोणी विसरलेलं नाही. रात्रीपर्यंत अख्खं वेलाचेरी आपापल्या गाड्या घेऊन उड्डाणपुलावर चढलं. कठड्याला लागून ही लांब रांग! लोक गाड्या लावून, हँडब्रेक पुन्हा तपासून, छत्र्या उघडून घरी परतत होते. साडूंना परतायची गरज नव्हती. त्यांचं घरच पुलावर आलं होतं. मेव्हणीने खिचडी टाकली, आणि येणारे-जाणारे पुन्हा एकदा आत कोण हिरॉइन आहे म्हणून डोकावू लागले.

सकाळी पाहतो तर पुढचं डावं चाक बसलेलं. पुलाच्या पायथ्याचा पंक्चरवाला आला. त्याने जॅक लावला आणि विचारलं, "स्टेप्नी इरुक्का, सार?"

या प्रश्नाची साडू कित्येक वर्षं वाट पाहत असणार. ते त्याला मागे घेऊन गेले, दोन्ही कुलपं उघडली आणि कव्हर दूर केलं. टायर चकचकीत काळा. पंक्चरवाल्याने तो काढायला हात घातला, तर साडू आडवे आले. "अरे, या पावसात? या चिखलात? तू तेच पंक्चर काढ. आम्हाला घाई नाही."

"मग ही कशाला आहे?" मी विचारलं.

"अडचणीसाठी," साडू म्हणाले. गाडी जॅकवर तिरकी उभी होती आणि खिचडीचं पातेलं आत घरंगळल्याचा आवाज आला.

एव्हाना पंक्चरवाल्याने टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले होते: ३२१२. म्हणजे २०१२ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला माल. त्याने अंगठा रेटला, तशा पॉलिशखालून बारीक भेगा उमलल्या. "रोंब पळसु, सार," तो हळहळून म्हणाला. फार जुना. बाकीची चार चाकं रस्त्यावर झिजली, म्हणून वेळोवेळी बदलली गेली; हे न झिजता म्हातारं झालं होतं.

"पैठणीचंही असंच होतं," बायको म्हणाली. "नेसायची नाही, घडीही मोडायची नाही, मग घडीवरच विरते."

त्याच दिवशी नवा टायर आला. मामा मुद्दाम खाली उतरले आणि त्यांनी शहाणपणाचा सल्ला दिला: दर दहा हजार किलोमीटरला पाचही चाकं आळीपाळीने फिरवा, म्हणजे सगळी सारखी झिजतील आणि स्टेपनी कधी शिळी होणार नाही.

साडूंनी नव्या टायरवरून हात फिरवला, कव्हर चढवलं, साखळी ओवली आणि दुखावल्या आवाजात म्हणाले, "काय बोलताय मामा! इतक्या लाडाने सांभाळायचं आणि शेवटी रस्त्यावर आणायचं?"