अडीच किलोचा नातू

सालमिया, कुवेत
२० रमजान

अम्मी,

अब्बांना सलाम सांग, दापोलीच्या बाकी सगळ्यांनाही. परवा फोनवर तू विचारलंस, "पोरं शुक्र करायला शिकली का गं?" तेव्हा मधला फोनला कान लावून उभा होता, म्हणून बोलले नाही. आता तिघंही झोपलीत आणि हे तरावीहहून यायचेत, तेवढ्यात लिहिते.

शिकली आहेत. नको तितकी शिकली आहेत.

मौलवीसाहेबांनी आधी शिंकेचा अदब शिकवला. शिंकणाऱ्याने अल्हम्दुलिल्लाह म्हणायचं, ऐकणाऱ्याने यरहमुकल्लाह म्हणून दुआ द्यायची, मग शिंकणाऱ्याने उलट दुआ द्यायची. एका शिंकेवर घरातली मोठी माणसं हातचं काम टाकून आपल्यासाठी दुआ मागतात, हे मधल्याला इतकं आवडलं की मिरपुडीची डबी त्याच्या उशाखाली सापडली. शेवटी मौलवीसाहेबांनीच सोडवणूक केली. तीनदा शिंकला की पुढे जबाब द्यायची गरज नाही, त्याला सर्दी झाली असं समजावं. हदीसमध्येच तसं आलंय म्हणे. आता चौथ्या शिंकेला थोरली वहीतून मान वर न काढता "सर्दी" म्हणते.

जेवणाचं तर विचारू नकोस. बिस्मिल्लाहने सुरुवात, अल्हम्दुलिल्लाहने शेवट, हे तूच आम्हाला शिकवलंस. या लबाड मधल्याने त्याचा अर्थ असा लावला की अल्हम्दुलिल्लाह म्हटलं की जेवण संपलं. दोडक्याचे दोन घास, की मोठ्याने अल्हम्दुलिल्लाह आणि ताटावरून पसार. अल्लाचं नाव घेतलेल्या पोराला ओरडायचं कसं? मग मला सूरह इब्राहिम आठवली. शुक्र करणाऱ्याला आणखी देऊ, असा अल्लाचा वादा आहे तिच्यात. म्हटलं, बस बाळा, आणि ताटात आणखी डावभर दोडका वाढला. तेव्हापासून तो शेवटचा घास संपेपर्यंत तोंड उघडत नाही.

मागच्या आठवड्यात गिरगियान झालं. रमजानच्या मध्यावर इथली मुलं नटूनथटून, गळ्यात पिशव्या अडकवून, गाणी म्हणत दारोदार फिरतात आणि लोक त्यांना सुकामेवा, चॉकलेटं वाटतात. आमचीही गेली. जो माणसांचे आभार मानत नाही त्याने अल्लाचे मानले असं होत नाही, हे मी निघताना बजावलं होतं, म्हणून थोरलीने प्रत्येक दारात "शुक्रन" म्हटलं. घरी आल्यावर खाली इमारतीच्या हारिसलाही, म्हणजे राखणदारालाही, तिने आपल्या पिशवीतला वाटा नेऊन दिला. पिशवी पाहिली तर नेमके सगळे अक्रोड गेले होते. तिला अक्रोड आवडत नाहीत. आवडतं तेच द्यावं, हा सबक पुढच्या साली.

खरी गंमत फितऱ्याची, म्हणजे ईदच्या दानाची. आपण शाफई, तेव्हा माणशी चार भरल्या ओंजळींचं माप, म्हणजे साधारण अडीच किलो तांदूळ, तेही ईदच्या नमाजच्या आधी पोचलेले बरे. हे पिशव्या भरत होते आणि मधल्याने विचारलं, माझे किती? अडीच किलो. बाबांचे? अडीच किलो. आणि धाकट्याचे? म्हटलं, त्याचेही अडीच. "पण त्याला तर दात पण नाहीत!" अर्धा दिवस धुसफुसला. मग त्याला कळलं की शेजारच्या लखनौवाल्या हनफी आहेत, आणि त्यांच्याकडे पावणेदोन किलो गव्हाचा हिशेब करून पैसे देतात. लगेच जाऊन त्यांच्या मुलाला सांगून आला, मी अडीच किलोचा, तू पावणेदोनचा, आणि तोही गहू! इमामांमधला हा मतभेद बाराशे वर्षं सुखाने नांदतोय, आमच्या मजल्यावर त्याची मारामारी झाली. मला इफ्तारच्या आधी खिरीचं पातेलं घेऊन तहाला जावं लागलं.

रात्री मात्र मधला अंथरुणात विचारतो, "माझे तांदूळ खाणार कोण?" सांगितलं, ज्यांच्या घरी ईदला काही नाही ते. तो जरा वेळ गप्प. "भाताबरोबर काय खाणार?" मला काय माहीत? सकाळी पाहते तर त्याच्या पिशवीत तू पाठवलेली सुकटीची पुडी. शेवटची, अम्मी! मी ईदनंतर खायची म्हणून फ्रिजच्या मागे लपवून ठेवली होती. काढून घ्यावी तर पोराचा शुक्र मोडतो, राहू द्यावी तर माझा. राहू दिली. शब्दही बोलले नाही, पण मनात जे बोलले ते रोज्याला शोभणारं नव्हतं.

तेव्हा येणाऱ्या माणसाबरोबर सुकट पाठव, आणि जमलं तर थोडा कोलीमही. डबा नीट बंद कर. मागच्या खेपेला विमानात शेजारचा माणूस जागा बदलून बसला होता.

मधल्याने झोपायच्या आधी एक ओळ सांगितली आहे, जशीच्या तशी लिहिते: "नानी, तू पाठवलेल्या ईदीबद्दल अल्हम्दुलिल्लाह." तू अजून काही पाठवलेलं नाहीस हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, माहीत आहे, आधी शुक्र केला की जास्त मिळतं.

तुझी लाडकी,
सालमियावाली