समाजशास्त्र, कोरडवाहू

समाजशास्त्राच्या पदवीने पोट भरत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा येरमाळ्याला यावे. ग्रामीण कर्जबाजारीपणाचे प्रकरण आमची पोरे नुसते घोकत नाहीत. बँक शैक्षणिक कर्ज देऊन प्रात्यक्षिकाचीच सोय करते. बापाच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतोच, म्हणजे तुलनात्मक अभ्यास घरबसल्या. 2017 आणि 2019 साली माफी झाली ती पीककर्जाला; शैक्षणिक कर्ज तसेच. ई-पीक पाहणीत ‘समाजशास्त्र, कोरडवाहू’ असा पर्याय आला की हा अन्याय मिटेल.

आता कमाई. 2024 च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला 6,000 विद्यावेतन, पदवीधराला 10,000. पदवीचा भाव खुद्द सरकारने काढून दिला: महिना 4,000, तोही काही महिनेच. एम.ए., सेट झालेल्यांना तासिका तत्त्व आहे. उन्हाळ्यात तास नसतात, हप्ता असतो. चैत्री पौर्णिमेला इथल्या येडेश्वरीच्या यात्रेत नारळाचा गाळा लावायला प्राध्यापक मोकळे असावेत, केवढी ही दूरदृष्टी!

परवा अशाच एकाचा थकलेला हप्ता मागायला वसुलीवाला आला. तोही एम.ए., समाजशास्त्रच. वसुलीच्या कमिशनवर स्वतःचा हप्ता भरतो. एका कर्जावर दोन पदवीधर जगताहेत. तिसऱ्याचा अर्ज बँकेत पोचलाय.