पेटीचे पैसे

अमेरिकेत जीएमआरएस, म्हणजे सामान्य लोकांना आपसात बोलण्यासाठी असलेल्या रेडिओसेवेचा, परवाना ३५ डॉलरला मिळतो. परीक्षा नाही, मुदत १० वर्षं, अख्ख्या कुटुंबाला चालतो. सरकारने एवढं स्वस्त केल्यावर बाजाराला राहवेल कसं? त्याने ‘पोर्टेबल बेस स्टेशन’ काढलं. म्हणजे गाडीत बसवायचा रेडिओ काळ्या, दणकट पेटीत बसवायचा, शेजारी लिथियम बॅटरी ठेवायची आणि सुट्या भागांच्या कुठल्याच बेरजेत न बसणारी किंमत लावायची.

जाहिरातीत वादळ, वणवा आणि निर्धारी चेहऱ्याचा एक गृहस्थ. ५० वॅट! पण या रेडिओच्या ४६२ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण सरळ रेषेतच जातात. मध्ये डोंगर आला की त्याला पावती दाखवून उपयोग नसतो. तिथे कामाला येतो उंचावरचा अँटेना, आणि तो बारीक टायपात ‘वेगळा घ्यावा’. पूर्ण ताकदीवर रेडिओ बॅटरीतून दहाएक अँपिअर ओढतो, तेव्हा संकटसमयी मोजकंच बोलावं.

पेटी मुळात जलरोधक असते. मग सॉकेटांसाठी तिला भोकं पाडतात. शिवाय बंद पेटीत रेडिओ तापतो, म्हणून भर पावसात झाकण उघडूनच बोलायचं. छत्री बहुधा पुढच्या मॉडेलात येईल.