खाली उतरून अप गाडी

जव्हारच्या माणसाला मुंबईला जायचं तर आधी खाली उतरावं लागतं. गाव समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. एसटी घाट उतरते, विक्रमगड, मनोर करत पालघरला सोडते आणि तिथे चर्चगेटकडे जाणारी जी गाडी मिळते तिचं नाव ‘अप’! एवढं उतरून आल्यावर आता वर कुठे चढायचं, असं कुणी विचारत नाही. परतताना ‘डाऊन’ गाडीने यायचं आणि घाट चढायचा.

हा उद्योग गोऱ्या साहेबाचा. त्याच्या देशात लंडनकडे निघालेली गाडी ‘अप’, मग ती डोंगर का उतरत असेना. पोरगा ऑक्सफर्डला शिकायला जातो तोही ‘अप’, आणि उनाडक्या केल्या म्हणून हाकलून दिला की ‘डाऊन’.

इंग्रजीचे मास्तर सांगतात, ‘अप’च्या पुढे नाम असेल तर ते शब्दयोगी अव्यय, एकटंच असेल तर क्रियाविशेषण. इथवर ठीक. आपलं ‘वर’ही तसलंच: ‘टेकडीवर’मध्ये नामाला चिकटतं, ‘वर ये’मध्ये सुटं फिरतं. पण मग ‘ड्रिंक अप’ येतं. चहा घशाखाली उतरतो आणि इंग्रज म्हणतो, अप! ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडणं, ‘शट अप’ म्हणजे तोंड मिटणं. वर म्हणजे काय हे ज्या पोराला पोटऱ्यांनी शिकवलंय, त्याला हे पटवायचं कसं?

हसायचं मात्र जपून. कचेरीत आपणही ‘वरून आदेश आलाय’ म्हणतोच. 1948 साली संस्थान विलीन होईपर्यंत त्यात तथ्य होतं. मुकणे राजांचा वाडा जव्हारातच. पुढे आदेश ठाण्याहून येऊ लागले, 1 ऑगस्ट 2014 ला नवा जिल्हा झाल्यापासून पालघरहून. दोन्ही गावं घाटाखाली. मंत्रालय तर समुद्राच्या शेजारी. तरी आदेश येतो तो वरूनच. फक्त साहेब जागेवर नसले तर शिपायाने ‘साहेब वर गेलेत’ असं सांगू नये, एवढं पथ्य पाळावं.

या भानगडीत पाणी तेवढं सरळ. वैतरणेचं पाणी मोडकसागरातून उताराउतारानेच मुंबईला जातं. त्याला अप गाडी लागत नाही. मोखाड्याच्या पाड्यांवरच्या बाया मात्र एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन तळाच्या झऱ्यापर्यंत उतरतात आणि डोक्यावर भरले हंडे घेऊन चढण चढतात. मास्तरांना ‘अप’च्या पुढे नाम हवं असतं ना? ही चढण चालेल.