वनसॉकर आणि आमचे मामा

कॅनडात फुटबॉल बघायचा तर आधी कुठल्या ॲपला किती डॉलर वाहायचे याचा हिशेब मांडावा लागतो. चॅम्पियन्स लीग एका ॲपवर, इंग्लंडची प्रीमियर लीग दुसऱ्यावर, मेस्सीची एमएलएस ॲपलच्या दारात. आणि खुद्द कॅनडाची लीग? ती वनसॉकरवर. २०१९ साली कॅनेडियन प्रीमियर लीग जन्माला आली आणि तिच्या पाठोपाठ, मुख्यतः इथला फुटबॉल दाखवणारी ही वाहिनीही. बार्सिलोनाच्या मीडियाप्रो कंपनीनं या प्रक्षेपणासाठी १० वर्षांचा, २० कोटी डॉलरचा करार जाहीर केला, तेव्हा या हॉकीवेड्या देशातल्या अनेकांना वाटलं, की या स्पॅनिश मंडळींना इथल्या थंडीबद्दल कुणी काही सांगितलेलं दिसत नाही.

मी वर्गणी भरली. माझ्या ऑफिसातली मंडळी सोमवारी सकाळी ‘आपण जिंकलो’ म्हणतात तेव्हा लिव्हरपूल जिंकलेलं असतं. ‘आमच्या शेजारचं हॅमिल्टनही जिंकलं,’ असं मी म्हटलं, की सगळे कॉफी आणायला उठतात.

खरं तर २०२३ साली एवढ्याशा लीगनं मला मोठं सुख दिलं होतं. हॅमिल्टनच्या फोर्ज संघात तेव्हा एक बचावपटू होता, नाव मांजरेकर जेम्स. गडी कॅनडाकडूनही खेळलेला. जन्म वेस्ट इंडीजमधल्या डोमिनिका बेटावरचा. तिथल्या आईबापांना हे नाव कुठून सुचलं असेल ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. इंग्रजी समालोचक गंभीर आवाजात ‘मांजरेकर’ म्हणाला, की मी उगाचच ताठ बसायचो.

पण वनसॉकरचं खरं चीज झालं ते गेल्या वर्षी, मामा आले तेव्हा. मामा म्हणजे माझे सासरे. कोल्हापूरची मंगळवार पेठ, शाहू स्टेडियम आणि पाटाकडील तालीम यांच्या बाहेरही जग आहे, हे त्यांनी केवळ लेकीसाठी मान्य केलेलं. आल्या आल्या मी त्यांना मोठ्या तोऱ्यात युरोपातली मॅच लावून दिली. दहा मिनिटांत ते म्हणाले, “जावईबापू, ह्ये लई गुळगुळीत हाय. गावातलं कायतरी लावा की.”

मी वनसॉकर लावलं. पहिलीच मॅच कॅलगरीची. तिथल्या संघाचं नाव कॅव्हलरी, म्हणजे घोडदळ. आणि मैदान स्प्रूस मेडोजवर, जिथं एरवी घोड्यांच्या उड्यांच्या जगप्रसिद्ध स्पर्धा होतात.

“म्हंजे पागंत मॅच?” मामांनी खुर्ची पुढे ओढली. ती नोव्हेंबरपर्यंत मागे गेली नाही.

संघात किमान सहा कॅनेडियन उतरवावेच लागतात, या नियमावर त्यांनी दोन दिवस चिंतन केलं. आपल्याकडे तालमी आफ्रिकेतून खेळाडू आणतात त्याचं काय करावं, यावर कोल्हापूरला फोन गेले. समालोचकाचा सभ्यपणा मात्र त्यांना शेवटपर्यंत पचला नाही. “पंच आंधळा हाय आन् ह्यो म्हनतोय ‘इंटरेस्टिंग डिसिजन’!” व्हँकुव्हर बेटावरची मॅच तिथे संध्याकाळी सातला असली, तर आमच्याकडे रात्रीचे दहा वाजलेले. मॅच रंगात असताना बायको विचारायची, “बाबा, गोळी घेतलीत का?” उत्तर यायचं, “कोपरा झाला की घेतो.”

रॉजर्स या मोठ्या केबल कंपनीनं या वाहिनीला आपल्या जाळ्यात घ्यायला नकार दिला होता आणि २०२३ मध्ये सीआरटीसी या नियामकानं ‘रॉजर्सनं वनसॉकरवर अन्याय केला’ असा निकाल दिला, हे मी त्यांना सांगितलं. रॉजर्सच्या स्वतःच्या क्रीडावाहिन्या आहेत, हेही सांगितलं. मामांनी शांतपणे मान हलवली. “केबलवाला सगळीकडं केबलवालाच.”

मग आली ९ नोव्हेंबर २०२५ ची फायनल. ओटावात ॲटलेटिको ओटावा विरुद्ध तेच घोडदळ, आणि दोघांच्याही विरुद्ध बर्फ. मैदानावरच्या रेषा दिसेनात; माणसं फावडी घेऊन धावताहेत, खेळ थांबतोय, पुन्हा सुरू होतोय. “पंचगंगेच्या पुरातबी एवढी आबदा न्हाई,” मामा म्हणाले. कॅव्हलरीनं पेनल्टीवर गोल केला. थोड्याच वेळात डेव्हिड रॉड्रिगेझ या मेक्सिकन गड्यानं त्या हिमवादळात, पाठ गोलकडे करून, हवेत आडवं होत बायसिकल किक मारली. गोल! मामांनी जी शिट्टी फुंकली तिनं वरच्या मजल्यावरचा शेजारी खाली आला. जादा वेळेत त्याच रॉड्रिगेझनं दुसरा गोल करून २–१ असा निकाल लावला.

मामांनी ती किक ताबडतोब पेठेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. पहिलं उत्तर आलं, “एआय हाय.” दुसरं, “गोल बरा हाय, पर गोली झोपलाय.” मामा रात्री दोनपर्यंत भांडत होते. कॅनेडियन फुटबॉलची बाजू इतक्या पोटतिडकीनं कुणी कॅनेडियन माणसानंही मांडल्याचं मी ऐकलेलं नाही.

तर टोरंटो-मिसिसागाच्या मराठी मंडळींनो, लीग एप्रिलमध्ये सुरू होते. हॅमिल्टनचं तिकीट सहज मिळतं आणि रस्ता तासाभराच्या आतबाहेरचा. एकदा याच. फक्त घसा शाबूत ठेवून या. तिथं लोक फार शांत बसतात आणि मामा पुढच्या जूनपर्यंत येणार नाहीत.