सव्वासात सेंटिमीटर

निवृत्त फिटर हा प्राणी शिरूरपासून दौंडपर्यंत कुठल्याही आळीत सापडतो. ओळखायची खूण एकच: घरात नवी वस्तू आली की हा गृहस्थ आधी ती उलटी करतो. मिक्सर असो, इस्त्री असो, नातवाची सायकल असो. ती काय काम करते यापेक्षा तिचे स्क्रू कुठे आहेत, याची त्याला घाई. आमचे दाजी हे या जातीतलं अस्सल वाण. दौंडच्या रेल्वेत त्यांनी जन्मभर डब्यांची चाकं ठोकली आणि आवाजावरून त्यांची तब्येत सांगितली. पेन्शनीत चाकं मिळत नाहीत, म्हणून आता पंखे, नळ आणि मेव्हणे यांच्यावर हात साफ करतात.

गेल्या दिवाळीत त्यांच्या मुलानं पुण्याहून केर काढणारा रोबो पाठवला. कारण, आईची कंबर दुखते. यंत्र गोल, काळं, परातीएवढं. अक्कानं त्याला हळदकुंकू लावून सोडलं. अर्ध्या तासात घर फिरून ते गुमान आपल्या जागेवर जाऊन बसलं. अक्का खूश. दाजी मात्र भिंतीच्या कडेला उकिडवे बसले, बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं, आणि रात्री साडेनऊला मला शिरूरला फोन आला.

"पाव्हणं, हे कडा सोडतंय."

मी रांजणगावच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे. आमच्या तालुक्यात फ्रिज नि वॉशिंग मशीन बनतात. तेव्हा जगातल्या कुठल्याही घरगुती यंत्राचा जाब मीच द्यायचा, असा नातेवाइकांचा समज. रविवारी न्हावरा, चौफुला करत दौंड गाठलं.

दाजींनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकृती काढून ठेवली होती. यंत्राचा व्यास ३५ सेंटिमीटर. गोल वस्तू काटकोनात कितीही रेटा, तिची कड कोपऱ्यापासून ७.२५ सेंटिमीटर लांबच राहणार. "सव्वासात!" हे ते अशा आवाजात म्हणाले, की भावकीनं बांध कोरून सव्वासात गुंठे गिळले असावेत. मी समजावलं: जागच्या जागी वळता यावं, अडकू नये, म्हणून ते गोल करतात. ओढून घेणारं तोंड पोटाखाली असतं, म्हणून कडेचा केर आत लोटायला बाजूला तो छोटा फिरता ब्रश. असले रोबो २००१-०२ पासून बाजारात आहेत. पॅनासॉनिकनं २०१५ साली जपानात फुगीर बाजूंचा तिकोनी काढला, नेमका कोपऱ्यासाठी. अलीकडच्या महागड्या यंत्रांचा ब्रश तर हातासारखा बाहेर सरकून कोपऱ्यात जातो.

हे सांगायला नको होतं. दाजींचे डोळे चमकले. "हात लांब करायचाय ना? मग करू की."

ब्रशच्या तीन पात्यांना त्यांनी केरसुणीच्या काड्या तारेनं बांधल्या. केरसुणी अक्कानं लक्ष्मीपूजनाला पुजलेली, चार दिवसांपूर्वीची. "अहो, लक्ष्मीचे केस उपटलेत तुम्ही," एवढंच ती म्हणाली आणि दिवसभर चहा बंद. मग चाचणी. मी क्वालिटीवाला, म्हणून काट्यावर १० ग्रॅम रवा मोजून भिंतीलगत पसरला. लांब झालेल्या ब्रशनं तो रवा देवघरापर्यंत उडवला. ब्रश लांब केला की त्याचं टोक आणखी जोरात फिरतं, आणि केर आत येण्याऐवजी भिरकावला जातो. गोफण आणि रोबो, तत्त्व एकच. राहिलेला रवा वजन करू म्हटलं, तर मुंग्यांनी आमच्या आधीच उचल केली होती. चाचणी रद्द.

खरी भानगड सापडली ती तिसऱ्या खेपेला. दाजींचं घर जुनं. मधे शहाबादी फरशी आणि भिंतीलगत वीतभर काळ्या कडप्प्याची पट्टी. (शहाबाद नि कडप्पा, दोन्ही दौंडवरून जाणाऱ्या मद्रास लाइनीवरची स्टेशनं. दाजी हे प्रत्येक पाहुण्याला सांगतात. ऐकणाऱ्याला वाटावं फरशी यांनीच गार्डाच्या डब्यातून आणली.) यंत्राच्या पोटाला पायरी ओळखणारे डोळे असतात. ते खाली न दिसणारे किरण सोडतात. किरण परत आले तर जमीन, नाही आले तर खड्डा. काळा कडप्पा ते किरण गिळत होता. यंत्र भिंतीपर्यंत जातच नव्हतं. त्याच्या लेखी अक्काच्या घराला चारी बाजूंनी दरी होती. सव्वासातचा हिशेब राहिला बाजूला, वीत वीत केर मागं पडत होता.

दाजींनी डोळ्यांवर पांढरा कागद चिकटवला. कडा लख्ख झाल्या. दाजींनी आळीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरी न ओळखणारं ते यंत्र ओसरी ओलांडून तीन पायऱ्या खाली गेलं आणि रांगोळीवर उताणं पडलं. ब्रश चालूच होता. "अहो, तुमचं पोर पडलं!" अक्का ओरडली. दाजींनी ते उचललं, पान्यानं हलकं ठोकलं, कान लावला. "चाक शाबूत आहे," म्हणाले.

माझ्या मते इथं थांबायला हरकत नव्हती. दारात पाट आडवा ठेवला की काम झालं. पण पाट ठेवणं म्हणजे सुधारणा नव्हे. दाजी आठवडाभर गप्प होते. त्यांचं गप्प राहणं म्हणजे पूर्वी दौंडला गाडीचं इंजिन पुढून मागं नेताना व्हायचा तो खोळंबा. आता ती उलट्या दिशेनं सुटणार हे निश्चित.

"यंत्र गोल आहे ना? मग कोपराच गोल करू. ऑपरेशन थेटरात करतात."

गवंड्याला गच्चीवर वाटा, म्हणजे भिंतीच्या बुडाशी सांध्याला गोलाई, मारायची सवय. हा वाटा उभा मारायचा, वर कमीत कमी साडेसतरा सेंटिमीटर त्रिज्येचा, हे ऐकून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

गेल्या महिन्यात गेलो, तर हॉलचे चारही कोपरे रांजणाच्या पोटासारखे गोल. यंत्र न अडखळता वळत होतं आणि दाजी खुर्चीत स्टेशन मास्तरासारखे बसले होते. फक्त अक्काचं लग्नातलं लोखंडी कपाट आता कोपऱ्यात मावेना. ते पुढं ओढून ठेवलेलं, आणि मागच्या फटीत कंबर वाकवून, केरसुणी घालून अक्का केर ओढत होती.

दाजी उठले. खिशातून टेप काढली.

"पाव्हणं, हे टोक धरा जरा."