आजीचा शक

शालिवाहन शक इसवी सन ७८ मध्ये सुरू झाला. शिवाजी महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेकाबरोबर स्वतःचा शक चालू केला. आमच्या घरात आणखी एक शक चाले, तो आजीचा. त्याला ना राज्याभिषेक लागला, ना कुठला विजय, ना पंचांगकर्त्यांची संमती. माझे बाबा जन्मले आणि त्या दिवसापासून तो मोजला जाऊ लागला, एवढंच. पुढे जगात जे जे घडलं त्याला या शकात येऊन बसावं लागलं, आणि आजी ते इतक्या सहज बसवी की लहानपणी मला वाटायचं, देशाचा कारभार आमच्या घरातल्या गोवर-कांजिण्या पाहूनच ठरत असावा.

आता पानशेतचंच घ्या. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याचंही गेलं, आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा पाण्याखाली होत्या. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, तो पाणी कुठल्या पायरीला लागलं होतं ते हात करून दाखवेल. आजीला विचारलं की ती म्हणे, "तुझा बाबा सहा महिन्यांचा होता गं, आणि मी नुकतीच दुपटी वाळत घातलेली." नारायण पेठेतल्या वाड्यात त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. ओरडा झाला तेव्हा तिने बाळ कडेवर घेतलं, दोरीवरची दुपटी ओढली, ओलीच गाठोड्यात बांधली आणि सदाशिव पेठेत नणंदेच्या घराची वाट धरली. आजोबांची हप्त्यावर घेतलेली सायकल बोळात राहिली. सायकल गेली, हप्ते मात्र राहिले. ते फेडताना आजोबा दर महिन्याला एकदा दुपट्यांचा विषय काढत. तिच्या पुराच्या हकिकतीत पाण्याची उंची कधीच आली नाही. चौदा दुपटी होती, त्यातली अकरा वाचली, हा तिच्या लेखी पानशेतचा अधिकृत अहवाल.

२७ मे १९६४ ला नेहरू गेले, तेव्हा काकाला गोवर होता. उशाशी कडुलिंबाचा पाला, अंगात ताप, आणि दोन रात्री पोराच्या डोळ्याला डोळा नाही. शेजारच्या बिऱ्हाडातल्या रेडिओवर संध्याकाळपर्यंत संथ, करुण सूर चालले होते. सगळा वाडा डोळे पुसत होता आणि त्या सुरांवर काका पहिल्यांदा गाढ झोपला. आजीला राजकारणातलं फारसं काही कळत नसे, पण नेहरूंविषयी तिच्या मनात कायमचा ओलावा राहिला. जाता जाताही माणूस लेकराला झोपवून गेला, असं ती म्हणे, आणि हे ऐकून हसावं की गप्प बसावं ते आम्हाला कधी ठरवता आलं नाही.

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. त्याचे धक्के पुण्या-मुंबईपर्यंत जाणवले. धाकट्या आत्याच्या वेळचे आजीचे दिवस तेव्हा भरत आले होते. अंथरूण हललं तशी तिने पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "हळू रे बाळा." मांडणीवरचे डबे खाली आले तेव्हा कुठे तिला शंका आली की एवढी ताकद एकट्या बाळाची नसावी. आत्या आता निवृत्त शिक्षिका आहे, स्वभावाने अत्यंत शांत; तरी घरात तिच्या पावलांचा आवाज झाला की कुणीतरी मांडणीकडे बघतंच. कोयनानगरात माणसं दगावल्याचं कळल्यावर आजीला दोन दिवस घास गेला नाही, हे मला आजोबांकडून कळलं. ती स्वतः ही गोष्ट सांगताना डब्यांपाशी थांबे.

असाच बहात्तरचा दुष्काळ आला आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो. त्याची भाकरी थापताना चिरे, भाजताना तुटे, आणि ताटात आली की मुलं तोंड फिरवत. आजीने तिला परदेशी भाकरी म्हणायला सुरुवात केली. ती खाल्ली की इंग्रजी चांगलं येतं, असंही सांगितलं. काका पुढे मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाला, पण त्याने भाकरी टाकली होती असा तिचा निर्वाळा होता.

या शकावर बाबांचा राग होता. ते बँकेतले, त्यांना तारीख, वार, सही आणि शिक्का लागे. "आई, सन सांग, सन!" असं ते म्हणत, आणि ती शांतपणे म्हणे, "अरे, तुझी मुंज झाली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात." मीही पुष्कळ वर्षं हसत आले. पण एका गोष्टीला मला कधी नीट हसू आलं नाही. मे १९७४ मध्ये माहेरच्या बायकांबरोबर काशीला जायचं तिने ठरवलं होतं. पैसे साठवले होते, लुगडं घेतलं होतं, पिशवीला नाडी ओवून झाली होती. ८ मे रोजी रेल्वेचा संप सुरू झाला. जॉर्ज फर्नांडिस, सतरा लाखांच्या आसपास कामगार, देशभर थांबलेल्या गाड्या, हे सगळं इतिहासात आहे. आजीच्या शकात ते असं आहे: "गाड्या बंद पडल्या ते बरंच झालं बाई, त्याच आठवड्यात तुझ्या काकाला टायफॉइड निघाला. मी काशीत असते तर त्याच्या कपाळावर पट्ट्या कुणी ठेवल्या असत्या?" संप वीस दिवसांत मिटला. काशीचं पुन्हा निघालं नाही. तिने ते निघू दिलं नाही की आम्ही कुणी काढलं नाही, हे मी तिला विचारायला हवं होतं असं वाटतं; पण तिने काही तरी सांगून माझी समजूत घातली असती, हेही नक्की.

माझी नोंद रामायणाखाली आहे. १९८७ सालच्या एका रविवारी सकाळी, सगळा देश टीव्हीपुढे हात जोडून बसला असताना, मी जन्मले. प्रसूतिगृहातल्या आयासुद्धा खालच्या मजल्यावर मालिका बघत होत्या आणि आजी वर दाराबाहेर बाकावर. त्या दिवशी केवटाचा भाग होता. तेव्हापासून माझा वाढदिवस आला की औक्षण करून ती न चुकता म्हणे, "तुझ्यापायी माझा केवट राहिला." दूरदर्शनने मार्च २०२० च्या टाळेबंदीत रामायण पुन्हा लावलं, तेव्हा मला कर्ज फेडल्यासारखं वाटलं. केवट यायच्या वेळी तिला खुर्चीत बसवलं, उशी दिली, आवाज मोठा केला. नाव काठाला लागली आणि आतल्या खोलीत माझी दोन वर्षांची लेक झोपेतून उठून रडली. मी उठेपर्यंत आजी भिंतीला हात लावत आत पोचलीसुद्धा होती. परत आली तेव्हा राम पलीकडच्या काठावर. "मेला योगच नाही त्या केवटाचा," असं म्हणाली, आणि तिचा चेहरा असा काही खुलला होता की पुन्हा तो भाग शोधून दाखवायचं मी टाळलं.

ती गेली तेव्हा दाखल्यासाठी जन्मतारीख हवी होती. आधार कार्डावर १ जून १९४०. महाराष्ट्रातल्या त्या पिढीतली अर्धी माणसं १ जूनलाच जन्मलेली आहेत, कारण शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी तीच लिहून टाकत. आजी प्रत्यक्षात श्रावणातली. श्रावण काही १ जूनला येत नाही. भोर संस्थानातल्या एका गावात, लढाईने रॉकेल महागलं तेव्हा, थोरल्या भावाचं जावळ काढलं त्याच महिन्यात आपण जन्मलो, असं तिला तिच्या आईने सांगितलेलं होतं. म्हणजे तीही कुणाच्या तरी शकातली होती. बाबांनी अर्जावर १ जून लिहिलं. पेन थोडा वेळ कागदावर धरून ठेवलं होतं, पण त्या रकान्यात जावळ लिहायची सोय नाही.

परवा लेकीने विचारलं, पणजी कधी गेली. तारीख मला पाठ आहे. तरी तोंडातून निघालं ते, "तुझा पुढचा दात पडला ना, त्या आठवड्यात." बाबा पेपर वाचत होते. त्यांनी दुरुस्ती केली नाही.

तुमच्या घरी असा एखादा शक अजून चालू असेल तर सन विचारत बसू नका. तेव्हा कोण केवढं होतं ते विचारा, आणि हातातलं काम बाजूला ठेवून विचारा, कारण उत्तर लांबतं.